सरकारकडे आदिवासींचं येणं

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. विषय अमेरिकेतला आहे आणि तोही कोर्टकचेरीचा. पण वाचताना मध्येमध्ये तुम्हाला आपल्याच जिल्हा परिषदेचा व्हरांडा आठवेल. मला तरी आठवला, म्हणून लिहायला बसलो.

६ जून २०२४. आपल्याकडे लोकसभेचा निकाल लागून दोनच दिवस झाले होते. कोण पडलं, कोण मंत्री होणार, यापलीकडे कुणाला काही सुचत नव्हतं. त्याच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. एका बाजूला केंद्र सरकारचं आरोग्य खातं, दुसऱ्या बाजूला ॲरिझोनातली सॅन कार्लोस अपाची ही आदिवासी जमात. तिच्याबरोबर वायोमिंगमधली नॉर्दर्न अरापाहो जमातही होती. निकाल ५ विरुद्ध ४ असा लागला, जमातींच्या बाजूने. भांडण कशाचं? दवाखाना चालवण्याच्या वरखर्चाचं. ऑडिट, विमा, हिशेबनीस, कॉम्प्युटर, पगारपत्रकं यांचं बिल सरकारने द्यायचं की नाही, एवढंच.

एवढ्या कोरड्या विषयावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयात का जावं लागलं, हे समजून घेताना मी त्याच्या मागच्या निकालांपर्यंत गेलो. वीस वर्षांत तीन मोठे निकाल, तिन्ही जमातींच्या बाजूने. आणि तिन्ही वेळा सरकारचा बचाव आपल्याला तोंडपाठ असलेलाच होता.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपण लहानपणी सिनेमात ज्यांना ‘रेड इंडियन’ म्हणून पाहिलं, ते हे लोक. अमेरिकेत केंद्र सरकारची मान्यता असलेल्या साडेपाचशेहून जास्त जमाती आहेत. मान्यता असलेली जमात म्हणजे तिथे एक सरकारच असतं. तिची निवडून आलेली परिषद असते, बहुतेक ठिकाणी स्वतःचं कोर्ट, पोलीस असतात. आणि यातल्या अनेकांशी अमेरिकन सरकारने एकोणिसाव्या शतकात लेखी तह केलेले आहेत. जमीन घेतली, बदल्यात काही गोष्टी द्यायचं कबूल केलं.

१८६८ सालचा फोर्ट लॅरमीचा तह बघा. लाकोटा म्हणजे सू जमातींशी झालेला. त्यात सरकार दरवर्षी काय पुरवणार याची यादी आहे. डॉक्टर, शिक्षक, सुतार, लोहार, गिरणीवाला. त्या यादीतला डॉक्टर आजही कोर्टात हजर होतो! साउथ डाकोटामधल्या रोझबड इथल्या सरकारी रुग्णालयाचा तातडीचा विभाग डिसेंबर २०१५ मध्ये बंद पडला आणि काही महिने बंदच राहिला. रोझबड सू जमात कोर्टात गेली. २०२१ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की चांगली, डॉक्टरच्या देखरेखीखालची आरोग्यसेवा देणं हे सरकारचं कर्तव्य आहे, आणि त्याचं मूळ दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या तहात आहे.

म्हणजे तिथला आदिवासी दवाखाना मागतो तेव्हा तो अनुदान मागत नाही. जमिनीची किंमत आधीच चुकती केलेली आहे. राहिलेला माल मागतोय.

आता व्यवस्था कशी चालते ते. १९५५ पासून ‘इंडियन हेल्थ सर्व्हिस’ नावाचं केंद्राचं खातं आदिवासींचे दवाखाने चालवतं. सुमारे २६ लाख लोक त्यावर अवलंबून आहेत. पैसे नेहमीच अपुरे. २०१७ चे तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी काढलेले आकडे आहेत. या खात्याचा दरडोई खर्च ४ हजार डॉलरच्या आसपास आणि माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेचा १० हजारांच्या वर. सरकार एकच, तिजोरी एकच. परिणाम काय? २०२१ मध्ये तिथल्या आदिवासींचं सरासरी आयुर्मान ६५ वर्षांच्या आसपास होतं, आणि देशाचं ७६ च्या. अकरा वर्षांचा फरक. त्या वर्षी कोविड होता हे खरं, पण कोविड सगळ्यांनाच होता.

१९७५ मध्ये एक कायदा आला. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ४ जानेवारीला त्यावर सही केली. कायद्याचा अर्थ साधा. जमातीने म्हणायचं, तुमचा दवाखाना आम्हीच चालवतो. सरकारने करार करायचा आणि स्वतः चालवताना जेवढा खर्च केला असता तेवढी रक्कम जमातीच्या हाती द्यायची. वॉशिंग्टनमधला बाबू ठरवणार नाही, गावचा माणूस ठरवेल की नर्स कुठे बसवायची आणि गाडी कुठल्या रस्त्याने न्यायची. आज त्या खात्याच्या निम्म्याहून जास्त पैशांचा कारभार जमाती स्वतः बघतात.

इथेच मेख आहे. सरकार दवाखाना चालवतं तेव्हा त्याचे बरेच खर्च दिसतच नाहीत. खटला झाला तर वकील न्याय खात्याचा. भरती दुसरं खातं बघतं. विम्याची गरज नाही, कारण सरकार स्वतःच सरकार आहे. जमातीने तोच दवाखाना घेतला की हे सगळं बाजारातून विकत आणावं लागतं. ऑडिटरची फी, कामगारांच्या भरपाईचा विमा, हिशेबाचं सॉफ्टवेअर, वकील. आता पैसे तर तेवढेच मिळाले. मग हा खर्च कुठून करायचा? औषधातून आणि नर्सच्या पगारातून. म्हणजे सरकारकडे होता तेव्हा दवाखाना पूर्ण होता आणि आपल्या हातात आला तेव्हा अपुरा झाला. मग वरून शेरा येतो की बघा, यांना चालवता येत नाही.

हे लक्षात आल्यावर १९८८ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. हा वरखर्च सरकारने वेगळा आणि पूर्ण द्यायचा, असं ठरलं. इंग्रजीत त्याला ‘कॉन्ट्रॅक्ट सपोर्ट कॉस्ट’ म्हणतात. आपण वरखर्च म्हणू. कायद्यात लिहिलं, करारात लिहिलं. पण सोबत एक ओळ राहिली, की रक्कम निधीच्या उपलब्धतेच्या अधीन राहून दिली जाईल.

ओळखीचं वाटलं ना? आपल्या शासन निर्णयांत ही ओळ वाचून वाचून माझे डोळे गेलेत.

नव्वदच्या दशकात सरकारने वरखर्च देताना हात आखडता घेतला. काम पूर्ण करून घेतलं, बिल अर्धवट दिलं. कारण विचारलं तर निधी नाही. ओक्लाहोमातली चेरोकी नेशन आणि नेवाडा-आयडाहोच्या सीमेवरची शोशोन-पायूट जमात कोर्टात गेल्या. १ मार्च २००५ ला निकाल आला, आठ विरुद्ध शून्य. न्यायमूर्ती ब्रेयर यांनी तो लिहिला. म्हणणं असं होतं की संसदेने खात्याला दरवर्षी सव्वा अब्ज डॉलरच्या पुढे रक्कम एकत्र दिली होती. त्यातून या जमातींचे काही लाख डॉलर सहज देता आले असते. तुम्ही ते दुसरीकडे खर्च केले, हा तुमचा अंतर्गत प्रश्न. बाकीच्या कंत्राटदारांना जसा करार लागू, तसाच आदिवासींनाही.

हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. सरकार विमानं बनवणाऱ्या कंपनीला ‘यंदा निधी कमी पडला, थोडं समजून घ्या’ असं म्हणत नाही. आदिवासींना म्हणतं.

सरकारची आणखी एक युक्ती होती. संसदेने बजेटमध्येच टोपी घातली, की वरखर्चासाठी एकूण इतक्या रकमेच्या वर जायचं नाही. ती एकूण रक्कम सगळ्यांना पुरणारी नव्हती. न्यू मेक्सिकोतल्या रामा नावाच्या नव्हाहो वस्तीचा खटला यावरचा आहे. तो दवाखान्याचा नव्हता, पोलीस वगैरे इतर सेवांचा होता, पण कायदा तोच. १९९४ ते २००१ या काळात सरकारने सगळ्या जमातींना मिळून वरखर्चाच्या ७७ ते ९२ टक्केच दिले होते. जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की प्रत्येक करार वेगळा आहे. दहा जणांना काम दिलं आणि पैसे सात जणांपुरते ठेवले, तर उरलेल्या तिघांनी उपाशी राहायचं असं होत नाही. काम केलं, पैसे द्या. बजेटची टोपी संसदेने आणि खात्याने आपसात बघावी.

मूळ खटला १९९० चा. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१२ चा. मग तडजोड होऊन ९४ कोटी डॉलर द्यायचं ठरलं आणि त्याला कोर्टाची मंजुरी मिळाली २०१६ मध्ये. सव्वीस वर्षं. ज्या वर्षी खटला भरला त्या वर्षी जन्मलेलं पोर तोवर कमवायला लागलं असेल.

सगळे जिंकले असंही नाही. विस्कॉन्सिनमधल्या मेनॉमिनी जमातीची तीच तक्रार होती, तेवढीच खरी. पण करारातल्या वादासाठी सहा वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो. दुसऱ्या जमातीच्या सामूहिक दाव्यात आपणही येतो, या समजुतीत ते थांबले आणि काही वर्षांचे दावे मुदतीबाहेर गेले. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांना परत पाठवलं. येणं खरं असूनही बुडालं. तारीख कुणाची वाट बघत नाही.

आता २०२४ चा निकाल. यातला मुद्दा एक पायरी पुढचा. १९७६ पासून आदिवासींच्या दवाखान्यांना सरकारी विमा योजनांकडून, म्हणजे मेडिकेअर-मेडिकेडकडून, पैसे वसूल करता येतात. रुग्णाचा खासगी विमा असेल तर त्या कंपनीकडूनही. करारानुसार जमातीने हे पैसे वसूल करायचे आणि परत आरोग्यसेवेवरच खर्च करायचे. ते दुसरीकडे वळवता येत नाहीत.

हिशेब सोपा करून सांगतो, आकडे माझे आहेत. समजा सरकारने दवाखान्याला १०० रुपये दिले आणि त्यावर २० रुपये वरखर्च दिला. विमा कंपन्यांकडून आणखी ५० रुपये आले. त्या पन्नासातून आणखी एक डॉक्टर ठेवला. आता दीडशे रुपयांचा दवाखाना झाला. ऑडिट दीडशेचं करायचं, बिलं पाठवायला माणूस ठेवायचा, नव्या डॉक्टरचा विमा काढायचा. वाढलेला १० रुपये वरखर्च कुणी द्यायचा? सरकार म्हणालं, आम्ही फक्त आमच्या शंभरावरचा देऊ. जमाती म्हणाल्या, पन्नास वसूल करा आणि दवाखान्यावरच घाला असं तुम्हीच करारात लिहिलंय, मग त्याचा वरखर्चही कराराचाच.

सॅन कार्लोस अपाचींचा दावा तीन वर्षांचा, सुमारे ३० लाख डॉलरचा. अरापाहोंचा दोन वर्षांचा, सुमारे १५ लाखांचा. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी निकाल लिहिला आणि जमातींचं म्हणणं मान्य केलं. सार असं, की हा खर्च दिला नाही तर जी जमात स्वतः कारभार हाती घेते तिलाच दंड बसतो. स्वतःच्या पायावर उभं राहण्यासाठी केलेल्या कायद्यातून असा दंड निघूच शकत नाही.

गंमत म्हणजे २०१२ च्या खटल्यात हेच रॉबर्ट्स जमातींच्या विरुद्ध होते आणि त्यांनीच विरोधी मत लिहिलं होतं. आणि २००५ चा निकाल लिहिणारे ब्रेयर २०१२ मध्ये विरुद्ध गेले होते. म्हणजे ‘हा अमुक पक्षाचा न्यायाधीश, तो तमुक’ असा सरळ हिशेब इथे चालत नाही. कराराचा कागद कसा वाचायचा, यावर मतं फिरली. आपल्याकडे प्रत्येक निकालाला झेंडा लावायची घाई असते, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

चार न्यायाधीश विरोधात होते, त्यांचं म्हणणंही सांगायला हवं. न्यायमूर्ती कॅव्हना यांनी लिहिलं की हा जास्तीचा पैसा फुकट येत नाही. सरकारच्याच अंदाजाने वर्षाला ८० कोटी ते २ अब्ज डॉलर लागतील. कुणाला किती द्यायचं हे संसदेने ठरवावं, कोर्टाने नाही. हा मुद्दा मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. काही जमातींनी दवाखाना हातात घेतलेला नाही, त्यांचा अजून सरकारच चालवतं. त्यांना या निकालातून थेट काही मिळत नाही. एकूण पैसा वाढलाच नाही तर एकाच्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात, असं व्हायची भीती आहे. पण त्यावरचा उपाय ताटात जास्त वाढणं हा आहे. ज्याने काम केलं त्याचं बिल कापणं हा नाही.

आणि कोर्टबाजीने बजेट बदलतं का? बदललं. २०१२ च्या निकालानंतर २०१६ पासून तिथल्या संसदेने वरखर्चासाठी वेगळं खातं केलं आणि त्यात ठरावीक आकड्याऐवजी ‘लागेल तेवढी रक्कम’ असं लिहिलं. टोपी गेली. कारण थकवलं तर शेवटी कोर्टामार्फत द्यावंच लागतं, हे कळलं.

आता आपल्याकडे येतो. तुलना जपून करायला हवी. आपल्या आदिवासींशी कुणी असे तह केले नाहीत. आपल्याकडे जमात हे सरकार नाही. पाचवी अनुसूची आहे, १९९६ चा पेसा कायदा आहे, पण प्राथमिक आरोग्य केंद्र ग्रामसभेने करारावर चालवायला घ्यावं आणि सरकारने तिला पैसे मोजावेत, अशी सोय नाही. तरी एक गोष्ट सारखी आहे, आणि ती म्हणजे थकवण्याची सवय.

आमच्या भागात एक छोटी संस्था सरकारी करारावर फिरता दवाखाना चालवायची. नाव घेत नाही. दोन गाड्या, एक डॉक्टर, दोन नर्स, आठवड्याला ठरलेले पाडे. बिलं थकली. आधी तीन महिने, मग सहा, मग वर्ष उलटलं. डिझेलची उधारी पंपवाल्याने बंद केली, डॉक्टर निघून गेला. मी बातमी केली, चार कॉलम लागली, पुढे काही झालं नाही. त्यांच्या हिशेबनिसाला मी विचारलं, करार आहे, कामाचे रजिस्टर आहेत, कोर्टात का जात नाही? तो म्हणाला, “भाऊ, येणं मिळेलही एखाद वेळी. पण पुढचं काम कोण देईल?”

सगळं या उत्तरात आलं. पैसे देणारा आणि पुढचं काम देणारा एकच असेल, तर करार हा करार राहत नाही, मेहेरबानी होते. अपाचींना ही भीती कमी होती, कारण कायद्याने सरकारला करार नाकारणं अवघड करून ठेवलंय. कारणं ठरलेली आहेत, मनात आलं म्हणून नाही म्हणता येत नाही. हक्क म्हणजे नेमकं काय, तर भांडल्यानंतरही उद्याचं काम शाबूत राहणं.

आपल्याकडे आदिवासी आरोग्यावर कोर्टात लढे झाले नाहीत असं नाही. मेळघाटच्या बालमृत्यूंवर मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे जनहित याचिका चालल्या. ज्या कार्यकर्त्यांनी आणि डॉक्टरांनी त्या चालवल्या त्यांना सलाम. पण जनहित याचिकेत आपण कोर्टाला म्हणतो, सरकारला सांगा काहीतरी करायला. मग आदेश, अहवाल, समिती, पुढची तारीख. अपाचींनी तसं म्हटलं नाही. ते म्हणाले, हा करार, हे काम, ही रक्कम, एवढे डॉलर येणं निघतं. रकमेचा दावा असला की समिती नेमून वेळ मारून नेता येत नाही.

आपल्याकडे आकडा मांडायची जागा अगदीच नाही असंही नाही. पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधी थेट द्यायचं महाराष्ट्राने २०१४-१५ मध्ये ठरवलं. आरोग्य, स्वच्छता, शिक्षण हा त्यातल्या खर्चाचा एक ठरलेला विषय आहे. हा निधी म्हणजे उपकार नाही, तो गावाच्या नावे निघालेला हिस्सा आहे. आपल्या गावाच्या नावे कुठल्या वर्षी किती निघाला, खात्यात कधी आला, आरोग्यावर किती गेला, हे किती ग्रामसभांना माहीत आहे? मी गेली काही वर्षं जिथे जातो तिथे हा प्रश्न विचारतो. बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, “ग्रामसेवकाला विचारा.”

म्हणून माझं म्हणणं छोटंच आहे. पुढची ग्रामसभा १५ ऑगस्टची असो नाहीतर २ ऑक्टोबरची, दवाखान्याच्या विषयावर ‘सोय व्हावी’ असा ठराव करू नका. असे ठराव फायलीत खूप आहेत. माहितीचा अधिकार वापरून आधी कागद काढा. मंजूर किती, आले किती, कुठल्या तारखेला आले, राहिले किती. ती शेवटची रक्कम अक्षरी आणि अंकी ठरावात लिहा, खाली सह्या घ्या आणि पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका, मेनॉमिनींचं येणं तारखेनेच बुडालं.

आणि कुठल्या गावाने असं केलं तर मला कळवा. बातमी मी करीन. चार कॉलम मिळोत नाहीतर एक, त्या रकमेचा आकडा मथळ्यात जाईल.